एकशे सतरावा वाफा

१

मंगळवार, १८ जुलै १९८९. दुपारचे बारा वाजत आले होते. नरखेडकडच्या एसटीतून उतरून रुपराव बेहरे थेट प्रताप नगरात आले. संत्रा रोपवाटिका संघाच्या काउंटरवर त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक कलम ठेवलं आणि शेजारी संघाचीच छापील चिठ्ठी ठेवली.

"हे पाहा जी. तुमची चिठ्ठी म्हणते पास. आता कलम काय म्हणते ते पाहा."

काउंटरवरच्या गोपिका वानखेडेनं गोणपाट उलगडलं. जंबेरीच्या खुंटावर जिथे डोळा बांधला होता, तिथून तांबूस डिंक ओघळून वाळला होता. तिनं आतल्या मीराबाई चौधरींना हाक मारली. संघाच्या प्रयोगशाळेत मीराबाईंची बारा वर्षं गेली होती. त्यांनी नखानं साल खरवडली, वास घेतला.

"डिंक्या," त्या म्हणाल्या. "वाफा कोणता?"

"एकशे सतरा."

"तो तर मी नापास केलाय. एकोणतीस जूनला."

संत्र्याचं कलम घेण्याआधी शेतकरी रोपवाटिकेतून वाफ्याचा नंबर घेऊन यायचा. संघाच्या संगणकात त्या वाफ्याची तपासणी नोंदलेली असायची, आणि काउंटरवरून 'पास' किंवा 'नापास' अशी चिठ्ठी निघायची. रुपरावांच्या चिठ्ठीवर तारीख होती १० जुलै. म्हणजे नापास होऊन अकरा दिवस झालेल्या वाफ्याला संघानं पास म्हटलं होतं.

आतल्या खोलीतल्या मुख्य यंत्राला जोडलेले ऑफिसात तीन संगणक होते. एक काउंटरवर, एक प्रयोगशाळेत आणि एक व्यवस्थापक मनोहरराव देशकर यांच्या टेबलावर. मनोहररावांनी तिन्हींवर एकशे सतरा नंबर टाकून पाहिला. तिन्ही पडदे 'नापास' म्हणाले.

"संगणक बरोबर आहे. म्हणजे चिठ्ठी खोटी," मनोहरराव म्हणाले. "आणि चिठ्ठ्या फक्त एकच व्यक्ती काढते."

गोपिकाचा चेहरा उतरला. "सर, मी कायले खोटी चिठ्ठी काढू? मी नुसता नंबर टाकते. पास का नापास, ते मशीनच छापते."

"त्या रोपवाटिकेच्या मालकाची मुलगी तुमच्या वर्गात होती ना?"

"होती. मंग?"

चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं मनोहररावांनी कागदावर लिहून दिलं. रुपराव मात्र जागचे हलले नव्हते.

"तीनशे कलमं नेली मी. दोनशे लावून झाली, जुन्या बागेच्या बांधाले लागून. बाग वीस वर्षांची आहे जी. तिले लागलं तं?"

लागण्याची शक्यता किती, हे मीराबाईंना ठाऊक होतं.

२

संघाचे अध्यक्ष देवाजी बोंदरे स्वतः बागायतदार होते. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळायची. संध्याकाळी त्यांनी सायकल काढली आणि सिंधूताई मेश्राम यांच्या घरी गेले.

सिंधूताईंनी एका सरकारी कचेरीच्या यंत्रशाळेत तेवीस वर्षं पंचकार्डांची पडताळणी केली होती. एका बाईनं कागद पाहून कार्डावर भोकं पाडायची आणि दुसरीनं तोच कागद पाहून पुन्हा तेच बडवायचं. फरक पडला की यंत्र अडायचं. सिंधूताई ती दुसरी बाई. वडील गिरणीत साचेवाले होते. छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा सिंधूताई तेरा वर्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी वडिलांनी पोरींच्या शाळेचं नाव पक्कं केलं. पंचकार्डं गेली तशी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती.

"पोरगी चोर आहे का नाही, तेवढंच सांगा बाई," देवाजी म्हणाले.

"तेवढंच नाही सांगता येणार," सिंधूताई म्हणाल्या. "काय फरक पडला ते सांगीन. चोर कोण ते त्यातूनच निघते."

"उद्या येता?"

"येते. चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती फेकू नका म्हणावं."

देवाजी दाराशी थबकले. "मनोहरराव आजच म्हणत होते, जुन्या प्रतींचा पसारा झाला, रद्दीत घालू म्हणून."

सिंधूताईंनी चपला घातल्या. "मग उद्या नको. आत्ताच चला."

३

प्रती मिळाल्या. एक जूनपासूनच्या सगळ्या, दोन खोक्यांत. देवाजींनी त्या सायकलच्या कॅरिअरला बांधून सिंधूताईंच्या घरी पोचवल्या. बुधवारी सकाळी खोकी घेऊन सिंधूताई ऑफिसात आल्या आणि आधी माणसांशी बोलल्या.

गोपिकाला त्यांनी बोलावून घेतलं होतं. ती काउंटरच्या बाहेर, शेतकऱ्यांच्या बाकावर बसली होती.

"इथं काहून बसली?"

"आत बसाले मनाई आहे जी."

सिंधूताई तिच्याजवळ बसल्या. "तुझं मशीन कसं चालते ते सांग. चांगलं, वाईट, जे असन ते."

"आधी लई हळू चालायचं. तिघंही एकाच वेळी बसलो का लटकायचं. मंग वीस जूनच्या आसपास प्रोग्रामवाल्या गिरिधरभाऊनं काहीतरी दोन भाग केले. त्याच्यानं थोडं बरं झालं. अन् त्याच्या तीन-चार दिवसांनंतर तं एकदम फटाफट! नंबर टाकला का चिठ्ठी बाहेर. तीन आठवडे एक मिनिट बसून राहिले नाही मी. आता सोमवारपासून पुन्हा हळू चालून राहिलं."

"या सोमवारपासून?"

"हाव. सतरा तारखेपासून."

"कोणाले सांगतलं?"

"मनोहररावांले सांगतलं. ते म्हणे, मशीन आहे, थकते."

मग सिंधूताई प्रयोगशाळेत गेल्या. मीराबाई तोलूनमापून बोलणाऱ्या. त्यांनी आपली वही उघडून दाखवली. एकशे सतरा मे महिन्यात पास झाला होता, २९ जूनच्या दुसऱ्या तपासणीत नापास. त्याच दिवशी त्यांनी ते संगणकात घातलं होतं.

"शाईत आहे, आणि पडद्यावरही आहे," मीराबाई म्हणाल्या. "माझ्याकडून चूक नाही."

"काम कधी अडलं का तुमचं?"

"एकदाच. सहा जुलैला आतल्या खोलीचा फ्यूज उडाला. मुख्य यंत्र तिथेच आहे. अकरा ते बारा आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलो होतो."

सिंधूताईंनी पेन उचललं. "सगळे?"

"मी आणि मनोहरराव तरी. काउंटरचं मला माहीत नाही. तिथे गर्दी होती."

मनोहररावांनी चहा मागवला. नीटनेटके गृहस्थ, टेबलावर कागदाचा कोपराही वाकडा नाही. ते म्हणाले, "ताई, साधी गोष्ट आहे. मुलगी त्या एका रोपवाटिकेशी मिळालेली. त्यांचा खराब वाफा तिनं खपवला."

"एकाच रोपवाटिकेचा?"

"दुसरं काय?"

"अजून पाहिलं नाही," सिंधूताई म्हणाल्या.

४

दुपारभर त्यांनी तेच केलं जे तेवीस वर्षं केलं होतं. एका हाताशी कार्बन प्रती, दुसऱ्या हाताशी मीराबाईंची वही. प्रत्येक चिठ्ठीचा नंबर वहीत शोधायचा, तारीख लावायची, जुळलं की पालथी ठेवायची. चिठ्ठीवर काय लिहिलंय याचा अर्थ त्या लावत नव्हत्या. फक्त फरक पाहत होत्या.

चोवीस जूनपर्यंत एकही फरक नाही. त्यानंतर चिठ्ठ्या अडू लागल्या. २८ जूनला एक, ३० जूनला एक, ३ जुलैला दोन. चौदा जुलैपर्यंत एकूण अकरा. सतरा जुलैपासून पुन्हा सगळं जुळत होतं.

अकराही वाफे आधी पास झालेले आणि चोवीस जूननंतर नापास ठरलेले. आणि ते सहा वेगवेगळ्या रोपवाटिकांचे होते. त्यातल्या दोघा मालकांचं तर एकमेकांशी बोलणंही नव्हतं.

सिंधूताईंनी गोपिकाला विचारलं, "या दिवसांत कोणाले परत पाठवलं का? नोंदच नाही म्हणून?"

गोपिकानं पिशवीतून एक छोटी वही काढली. "पाठवलं ना. नवे वाफे सापडतच नव्हते. लोकं उन्हातान्हात आलेले, मले बरं नाही वाटलं, म्हणून नंबर लिहून ठेवत होते. सापडले का पत्र टाकीन म्हटलं."

वहीत सोळा नंबर होते. मीराबाईंच्या वहीत ते सोळाही वाफे चोवीस जूननंतर पास झालेले, उत्तम म्हणून शेरा मारलेले.

देवाजी मागे उभे होते. सिंधूताई त्यांना म्हणाल्या, "वाईट माल खपवणारी पोरगी चांगला माल काहून लपवीन? आणि सहा रोपवाटिकांसाठी एकदम? हिनं काही बदललं नाही. हिच्या मशीनसाठी चोवीस जूनलाच दिवस थांबला होता."

"म्हणजे?"

सिंधूताईंनी सहा जुलैच्या चार चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. चिठ्ठीवर वेळही छापलेली असायची. अकरा वाजून दहा, अकरा वाजून बावीस, अकरा चाळीस, अकरा पंचावन्न.

"मुख्य यंत्र बंद असताना या चार चिठ्ठ्या निघाल्या. कुठून निघाल्या?"

५

याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. गिरिधर बारई, संघाचा प्रोग्राम लिहिणारा पोरगेला माणूस. शुक्रवारपासून तो कामठीला बहिणीच्या लग्नात अडकला होता. देवाजींनी निरोप धाडला, आणि संध्याकाळी तो हातावरच्या हळदीसकट शेअर ऑटोनं आला.

"लहान पोराले सांगतो तसं सांग," सिंधूताई म्हणाल्या. "तू दोन भाग केले ते कशाचे?"

"पहिले सगळं एकाच फाइलीत होतं जी. पडदे, चिठ्ठीचा नमुना, वाफ्यांची यादी, सगळं. तिघंही तीच फाइल उघडायचे. मले चिठ्ठीत एक अक्षर सुधारायचं असलं तरी तिघांले उठवा लागे. अन् दोनदा तं फाइलच तुटली. म्हणून वीस जूनले फोडली. पडदे अन् चिठ्ठीचा नमुना एका फाइलीत. तिले आम्ही खिडकी म्हणतो. ती तिघांच्या मशीनवर एकएक. अन् यादी दुसऱ्या फाइलीत. ते कोठी. ते एकच, आतल्या मुख्य मशीनवर."

"खिडकीत यादी नसते?"

"अजिबात नाही. खिडकीत फक्त कोठीचा पत्ता असते. एक ओळ. खिडकी तिथं जाते, पाहते, सांगते."

"पत्ता बदलला तर?"

गिरिधर हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तं ते दुसऱ्या कोठीत पाहीन."

"समज, कोणी कोठीची नक्कल काउंटरच्या मशीनवरच ठेवली, अन् खिडकीले तिथला पत्ता दिला."

"तं लई फटाफट चालन," गिरिधर हळूच म्हणाला. "तारेवरून जायचं कामच नाही. आतलं मशीन बंद असलं तरी चालन. पण नक्कल जुनी होत जाईन. मीराबाई इकडे नापास करतीन, अन् तिकडे पासच राहीन. बाप रे."

"तूच केलं?"

"मी? मी तं याच्यासाठीच फोडली होती का कोठी एकच राहावं! दोन कोठ्या म्हणजे कामच मातीत."

"तू करणार नाही असं तू म्हणतो. मले दुसरं कोणी म्हणाले पाहिजे." सिंधूताईंनी त्याच्यापुढे तीन चिठ्ठ्या ठेवल्या. "हे कोणी बदललं?"

गिरिधर वाकला. पहिली चिठ्ठी चार जुलैची. वर छापलं होतं, 'संत्रा रोपवाटीका संघ'. दुसरी, सात जुलैची, 'संत्रा रोपवाटिका संघ'.

"टि ऱ्हस्व पाहिजे म्हणून गोपिका मागं लागली होती. पाच तारखेले मी तिच्या खिडकीत सुधारून दिलं, पत्त्याची ओळ तं पाहिलीच नाही. चिठ्ठ्या तिच्याच खिडकीतून निघतात."

"आता तिसरी पाहा."

तिसरी सतरा जुलैची होती. 'रोपवाटीका'. टी पुन्हा दीर्घ झाली होती.

गिरिधरनं चिठ्ठी उलटसुलट केली. "हे कसं होईन? सुधारलेलं आपोआप बिघडत नाही." मग त्याच्या लक्षात आलं. "ही खिडकीच जुनी आहे. कोणीतरी मूळ खिडकी परत टाकली. मी वीस जूनले फ्लॉपीवर एक प्रत देऊन ठेवली होती, कधी बिघडलं तर म्हणून. तिच्यात सुधारणा कराची राहून गेली."

"ती फ्लॉपी कुठं असते?"

गिरिधरनं देवाजींकडे पाहिलं. "कपाटात. किल्ली मनोहररावांजवळ असते."

६

गुरुवारी सकाळी मनोहररावांच्या टेबलासमोर चौघं बसले. देवाजी, मीराबाई, गिरिधर आणि सिंधूताई. गोपिका बाहेर बाकावरच होती.

"गिरिधर बोट दाखवणारच," मनोहरराव म्हणाले. "प्रोग्राम त्याचा आहे. पत्ता बदलला असेल तर त्यानंच."

"मलाही आधी तेच वाटलं," सिंधूताई म्हणाल्या. "पण गिरिधरला पत्ता परत फिरवायचा असता तर त्यानं एक ओळ बदलली असती, टि ऱ्हस्वच राहिली असती. त्याला फ्लॉपीची गरजच नव्हती. फ्लॉपी लागली ती अशा माणसाला, ज्यानं आधी पत्ता बदलला पण मूळ पत्ता लिहून ठेवला नाही. शिवाय चौदा तारखेला चिठ्ठ्या खोट्या होत्या आणि सतराला खऱ्या. मधले दोन दिवस शनिवार-रविवार. गिरिधर तेव्हा कामठीत होता."

"कपाट उघडता येतं कोणालाही."

"किल्लीशिवाय?"

"मीराबाईंनी मागितली असेल."

मीराबाईंनी चष्मा काढला. "मनोहरराव, शुक्रवारी बैठकीत मी नापास वाफ्यांचे नंबर वाचून दाखवले. एकशे सतरा म्हटल्यावर तुम्ही मला थांबवून तो परत वाचायला लावला. मला वाटलं, ऐकू आलं नाही."

मनोहररावांनी कागदांची चवड उचलली, सारखी केली, खाली ठेवली.

"रोज शंभर माणसं काउंटरवर," शेवटी ते म्हणाले. "यंत्र चालत नाही म्हणून शिव्या मला. गिरिधर पत्ता घालत होता तेव्हा मी मागे उभा राहून पाहिलं होतं. चोवीस तारखेला कोठीची नक्कल काउंटरवर टाकली. रोज संध्याकाळी नवी नक्कल घालायची असं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी राहिलं, मग विसरलोच. गर्दी नव्हती, ओरड नव्हती. सगळं छान चाललं होतं."

"शुक्रवारी आठवलं," सिंधूताई म्हणाल्या.

"हो. एकशे सतराची पास चिठ्ठी मी काउंटरवर पाहिली होती. शनिवारी सगळे गेल्यावर नक्कल पुसली, खिडकी परत टाकली. वाटलं, गेलीच नसतील ती कलमं कोणाच्या शेतात."

"नसतील कशी? चिठ्ठ्या तुमच्याच होत्या." देवाजींचा आवाज चढला. "शुक्रवारी सांगतलं असतं तं रुपरावची दोनशे कलमं खड्ड्यात गेली नसती! शनिवारी, रविवारी लावली त्यानं. अन् वरून त्या पोरीले घरी बसवलं तुम्ही!"

चूक झाली, हे सिंधूताईंना समजत होतं. यंत्रशाळेत त्यांनी लाखो चुका पाहिल्या होत्या, त्यातल्या बहुतेक दमलेल्या माणसांच्या. पण गोपिकाला घरी बसवणारा कागद लिहिताना मनोहररावांचं अक्षर जराही हललं नव्हतं. तो कागद त्यांनी पाहिला होता. त्याचा त्यांना राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"पोरीला आत बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि जे मला सांगितलं ते तिला सांगा. उभं राहून."

मनोहरराव उठले. गोपिका आली, तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाकीच्या दहा लोकांचे पत्ते काढले का कोणी?"

कोणीच काढले नव्हते. तीच बसली आणि कार्बन प्रतींवरून तिनं अकरा नावं आणि गावं लिहून काढली.

७

तारा केल्या, पण तारेचा भरवसा कोण धरणार? शुक्रवारी पहाटेच संघाची जीप निघाली. पुढे देवाजी, मागे सिंधूताई, गोपिका, मीराबाई आणि मनोहरराव. कोणाच्या दारात कोण बोलणार हे देवाजींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

सात ठिकाणी कलमं अजून गोणपाटातच होती. ती तिथेच जाळली. रुपरावांच्या शेतात दोनशे खड्डे पुन्हा उकरले गेले. उरलेली शंभर त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, आधीच गोठ्यामागं पेटवून दिली होती. मीराबाईंनी जुन्या बागेतल्या बांधाकडच्या झाडांची मुळं उघडून पाहिली. अजून स्वच्छ होती. आठवड्यानं पुन्हा येईन म्हणाल्या. आणखी दोन ठिकाणी लावलेली कलमं उपटावी लागली; तिथे मनोहररावांना ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

अकरावं घर भीमाबाईचं होतं. एकटी बाई, दोन एकर, विहिरीवर पंप. साठ कलमं तिनं स्वतःच्या हातानं लावली होती, गुडघ्याएवढ्या चिखलात, सरळ ओळींत. ऊन कलत आलं होतं. ती बांधावर उभी राहून मनोहररावांचं सगळं बोलणं ऐकत होती.

"तं हे साठही वाईट?"

"हो," मीराबाई म्हणाल्या. "ठेवली तर बाकीची जमीनही जाईल."

भीमाबाई पहिल्या कलमाजवळ गेली. खाली वाकली, दोन्ही हातांनी मुळाजवळ धरून ओढलं आणि मातीसकट बाजूला टाकलं. मग कुदळ उचलून मनोहररावांच्या हातात दिली.

"चिठ्ठी तुमची होती ना भाऊ? मंग उरलेली तुम्ही काढा."

मनोहररावांनी बूट काढले, मोजे त्यांत घातले, पँट वर दुमडली आणि ओळीत उतरले. चौथ्या-पाचव्या कलमाला त्यांचा पाय घसरला, हात कोपरापर्यंत चिखलात गेला. त्यांनी तो झटकला आणि पुढचं कलम धरलं.

गोपिका ओढणी कमरेला खोचून ओळीत उतरायला लागली. भीमाबाईनं तिचा हात धरून तिला बांधावर आपल्याजवळ बसवलं.

"तू बस वं," ती म्हणाली. "चहा घे."